मागच्या रांगेचा ठोका

१

शनिवारी दुपारी दोनला पहिली शिफ्ट सुटली तेव्हा नितेशच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. आदल्या दिवशी त्याच्या जागेवर येणारा माणूस आलाच नव्हता, म्हणून सोळा तास उभं राहावं लागलं होतं. रात्री अकराला घरी आणि पहाटे पाचला पुन्हा बस. धाटावच्या केमिकल कंपनीत सतरा वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्याच संध्याकाळी त्याला पेणला जाऊन दोन तास ड्रम वाजवायचे होते.

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या दोन खोल्यांच्या घरी तो जेवला आणि आडवा झाला. झोप लागली नाही. डोळे मिटले की कंपनीतल्या पंपाची घरघर कानात येई. बाहेरच्या खोलीत मालू, त्याची बायको, कुणाच्या तरी ब्लाउजला शिलाई मारत होती. चारच्या सुमारास तिने मशीनवर कापड टाकलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"आज मी पन येते."

नितेशने एक डोळा उघडला. चौदा वर्षं तो या बँडमध्ये वाजवत होता आणि मालू एकदाही आली नव्हती. मोठ्या आवाजाने तिचं डोकं दुखायचं.

"तुला नाय झेपायचं गो."

"शेवटचं हाय म्हनता ना? मंग बघू दे तरी, एवढी वर्षं कशापायी कंबर मोडून घेतलीत ती."

शेवटचंच होतं. डॉक्टरांनी मणक्याचं चित्र उजेडात धरून दाखवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या आधीपासूनच नितेशला कंटाळा आला होता. वाजवण्याचा नाही. जाण्याचा, येण्याचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला उठण्याचा. त्याने बॅगेतून कंपनीत मिळणारे पिवळे इअरप्लग काढले आणि मालूच्या हातावर ठेवले. "हे घाल कानात. काय ऐकू येनार नाय."

मोटरसायकलवरून नागोठणे, मग हायवेची धूळ. वडखळला ते चहाला थांबले.  मालूने आपली बिस्किटं त्याच्या बशीत ठेवली.

२

कार्यक्रम जिथे व्हायचा त्या जागेला सगळे 'गिरण' म्हणत. रामवाडीच्या मागच्या गल्लीत बँडमधल्या अनयच्या आजोबांची पोह्यांची गिरण होती. ती बंद पडून बारा वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, पण भाजलेल्या भाताचा वास भिंतींतून गेला नाही. अनय क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा, गायचा. तिसरी नमिता. ती पेणच्या एका बँकेत काउंटरवर बसायची आणि बेस गिटार वाजवायची. बँडचं नाव 'तिसरी शिफ्ट'. ते नितेशनेच सुचवलं होतं.

हॉल अरुंद आणि लांबलचक, ऐंशी फुटांचा. वर पत्रे. दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी खांब. एका टोकाला लाकडी फळ्यांचं स्टेज आणि स्टेजच्या बाजूलाच दार. दुसऱ्या टोकाला नुसती चुन्याची भिंत. तिला दार नाही, खिडकी नाही. आवाज घुमू नये म्हणून अनयने बाजूच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. मागच्या भिंतीपर्यंत येता येता गाद्या संपल्या.

नितेशने तपासायला एकदा स्नेअर ड्रमवर काठी मारली. आवाज ऐंशी फूट गेला, भिंतीला लागला आणि परत आला.

"त्या भिंतीचं कायतरी कर रे," नितेश म्हणाला. दोन वर्षं तो हेच म्हणत होता.

"आता काय उपयोग? तू तर चाललास," अनय म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तोही दिवसभर सहा बॅचेस घेऊन आला होता.

नमिताने सगळ्यात जाड तार छेडली. पत्र्याखालच्या वाशांवर वर्षानुवर्षं बसलेला कोंडा सुटून हळूहळू खाली आला. दर वेळी येतो. दर वेळी वाटतं आता संपला असेल.

दारावर गुणाजी बसला होता. एकेकाळी तो या गिरणीत भट्टीवर होता. आता कार्यक्रम असला की तिकिटं फाडायचा. सात वाजता त्याने आत डोकावून बोटांनी आकडा दाखवला. एकसष्ट माणसं. रोह्याची, नागोठण्याची, दोन-चार पनवेलची, बरीचशी काळ्या टी-शर्टातली.

नमिताने मालूसाठी पुढे खुर्ची ठेवली होती. "एवढं जवळ नको गो बाय," म्हणत मालू पार मागे गेली आणि शेवटच्या रांगेत उभी राहिली. पिवळे इअरप्लग तिने तिथूनच नितेशला दाखवले, की बघा, घातले हो.

३

त्यांचं संगीत संथ होतं. संथ आणि जड. एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत माणूस विडी पेटवून घेईल एवढी जागा मध्ये राही, आणि त्या जागेत अनयची गिटार लांब, वाकडी, धुरासारखी पसरत जाई. ऐकणारे नाचत नाहीत. जागच्या जागी उभे राहून ठोक्याला मान खाली टाकतात, परत वर घेतात. सगळ्या माना एकदम खाली जाताना बघणं हे नितेशला चौदा वर्षं आवडत आलेलं होतं.

दुसऱ्या गाण्यात त्याच्या लक्षात आलं, की मागच्या रांगेतल्या एका उंच माणसाची मान आधी खाली जाते.

आधी म्हणजे फार नाही, निमिषभर. मान खाली, मग नितेशचा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर. पुन्हा मान खाली, मग पाय. त्याला वाटलं माणूस घाईचा आहे. असतात असे. मग दिसलं की त्या माणसाच्या शेजारची मुलगीही तशीच. आणि तिच्या शेजारी मालू.

सोळा तासांची ड्युटी, मग चार तासांची झोप, मग पुन्हा आठ तास, असं त्याने मनाशी मांडलं. अशा वेळी डोळा आणि कान यांची सांगड सुटते. मोबाइलवरच्या व्हिडिओत ओठ आधी हलतात नि शब्द मागून येतो, तशातला प्रकार. त्याने डोळे मिटून वाजवलं. बरं वाटलं. उघडले तेव्हा मधल्या रांगाही तसंच करत होत्या.

पुढच्या रांगेतली पोरं मात्र बरोबर त्याच्या ठोक्यावर होती. याचाच त्याला जास्त त्रास झाला. सगळेच चुकत असते तर डोळ्यांवर टाकता आलं असतं.

४

साडेआठला वीस मिनिटांची सुट्टी झाली. अनय स्टेजच्या कडेला बसून पाणी पीत होता. नितेशने विचारलं, "मागं उभं ऱ्हायलेल्याला माझा ठोका कवा ऐकू येतो रे?"

"उशिरा. आवाजाला तिथवर जायला वेळ लागतो. ऐंशी फूट म्हणजे सेकंदाचा बारावा-चौदावा भाग." क्लासात सांगावं तसं अनयने सांगितलं. "का?"

"ते लवकर हलतात."

"गाणी पाठ आहेत लोकांना. अंदाजाने हलतात."

"मंग पुढचे का नाय हलत अंदाजानं?"

 नमिता बोटांना टेप गुंडाळत होती. "नितेशदा, तुम्ही झोपलात का दुपारी?" तिने विचारलं. खरं तेच विचारण्यासारखं होतं.

मालू गर्दीतून वाट काढत आली. तिचा चेहरा घामेजलेला होता, पण डोकं दुखत असल्याची खूण दिसत नव्हती. उलट कित्येक महिन्यांत नव्हती एवढी ती निवांत दिसत होती. तिने कानातले प्लग काढले.

"कसं वाटतं?" नितेशने विचारलं.

"ऐकायला कायच येत नाय. नुसतं पायातनं येतं." मग थोडी लाजल्यासारखी हसली. "पन तुमी चांगलं वाजवता वो. कसं बरोबर त्याच्या मागनं येता."

"कोनाच्या मागनं?"

"त्या मागच्याच्या." तिने मानेनेच हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं. "तो पयला मारतो, मंग तुमी."

नितेशने तिकडे बघितलं. चुन्याची भिंत होती. भिंतीपाशी कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती.

"भिंतीवरनं घुमून येतो तो आवाज, मालू. तो माझाच. मागनं येतो, पयला नाय येत."

"असंल," मालू म्हणाली आणि प्लग परत कानात घातले. नवरा थकलाय, त्याच्याशी कशाला वाद, अशा समजुतीने.

५

दुसऱ्या भागात एकच गाणं होतं, अर्ध्या तासाचं. नवीन होतं. तिघांनी ते याच हॉलमध्ये बंद दाराआड चार वेळा वाजवलं होतं. बाहेरच्या कुणीही ऐकलेलं नव्हतं. अनयने माइकमध्ये तसं सांगितलंही. नितेशला त्यामुळे धीर आला. पाठ नसलेल्या गाण्यावर कोण अंदाजाने हलणार?

पहिली पाच मिनिटं त्याने मान वर केली नाही. मग केली.

साळीचं शेत पिकल्यावर वारा येतो तेव्हा पलीकडच्या बांधापासून कणसं वाकत वाकत आपल्याकडे येतात. हॉल तसा हलत होता. आधी शेवटची रांग. मग तिच्या पुढची, मग मधली, मग पुढची. मग नमिताचा हात, अनयचा खांदा. आणि सगळ्यात शेवटी नितेशचा पाय. वाशांवरचा कोंडासुद्धा आधी मागे सुटत होता. दिव्याच्या झोतात त्याचा पडदा पलीकडून अलीकडे येताना दिसत होता.

नितेशने ठरवलं की एक ठोका सोडायचा.

त्याने कुणाला सांगितलं नाही, नमिताकडे बघितलं नाही. गाण्यात तशी जागा नव्हती. मनात आलं आणि पुढच्या ठोक्याला त्याने पाय उचललाच नाही.

हॉलमध्ये एकही मान खाली गेली नाही.

एकसष्टातली एकही नाही. अनयचा हात तारांपासून वर थांबलेला, नमिताचा थांबलेला. त्यानंतरच्या ठोक्याला सगळं पुन्हा मागून पुढे वाकत आलं, जणू सोडलेला ठोका गाण्यातच लिहिलेला होता.

 त्याने पुन्हा केलं. या वेळी दोन ठोके सोडले, मग एक लवकर मारला. माना दोन वेळा थांबल्या आणि तिसऱ्याला लवकर खाली गेल्या. त्याच्या आधी. मग त्याला जे सुचलं ते सुचायला नको होतं: सोडायचा हे मी ठरवलं, की मला ते तिकडून आलं?

मालूचे डोळे मिटलेले होते. तिच्या रांगेतली माणसं आता प्रत्येक ठोक्यागणिक अर्धं पाऊल मागे सरकत होती आणि त्यांच्यामागून बाकीचे. स्टेजपुढची जागा रिकामी होत गेली. पंधरा फूट, वीस फूट. एवढ्यात मालूची पाठ भिंतीला लागायला हवी होती. लागत नव्हती. नितेश बाजूचे खांब मोजू लागला. तीन असायला हवेत. तीन झाले, आणि तिसऱ्याच्या पलीकडे माणसं होती, त्यांच्याही पलीकडे काळोख होता, आणि चुन्याची भिंत त्याला कुठे दिसेना.

६

थांबायचं त्याने मनात आणलं, आणि आणल्याबरोबर त्याला कळलं की हे निरुपयोगी आहे. त्याने थांबायचं ठरवलं तर ते सगळे त्याच्या आधी थांबतील, तिथे, त्या काळोखाच्या तोंडाशी. आणि मग काय होईल ते त्याला बघायचं नव्हतं. म्हणून तो वाजवत राहिला. हात आपोआप चालत होते. बारा मिनिटं, पंधरा मिनिटं. दुखण्यापलीकडे गेलेलं अंग होतं ते.

त्याला वाचवलं ते त्याच्या पोटरीने. सोळा तास उभी राहिलेली उजवी पोटरी एकदम गोळा झाली. गोळा इतका जबर आला, की पाय पेडलवरून बाजूला घसरला आणि त्याच्या तोंडून "आई गं" निघालं. हे त्याने ठरवलेलं नव्हतं. हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

माना खाली गेल्या. रांगेमागून रांग, पार पुढपर्यंत. आणि त्याचा ठोका पडला नाही.

त्या मोकळ्या जागेत तो दुसरा ऐकू आला.

तो ड्रमचा नव्हता. मोठाही नव्हता. भरलेलं पोतं शेजारच्या खोलीत कुणी जमिनीवर टेकवावं, एवढाच. पण त्याच्या आवाजाबरोबर शेवटच्या रांगेमागच्या काळोखात काहीतरी खाली झुकलं आणि वर आलं, जसं मान टाकताना माणूस झुकतो तसं. फक्त ते पत्र्याच्या उंचीवरून झुकलं. मालूचा डावा हात मागे गेलेला होता. गर्दीत लेकराने आईचा पदर धरून ठेवावा तशी तिची मूठ मिटलेली होती.

नितेश स्टूलवरून पडला. झांजेचा स्टँड त्याच्या अंगावर आला, मोठा आवाज झाला, अनय दचकून थांबला. दारातल्या गुणाजीने घाबरून सगळे दिवे लावले.

भिंत जागेवर होती. माणसं भिंतीपाशी दाटीवाटीने उभी होती, झोपेतून उठल्यासारखी डोळे किलकिले करत. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवू लागले. असं गाणं आपण आयुष्यात ऐकलं नाही, असं पनवेलचा एक मुलगा रडत रडत अनयला सांगत होता.

नितेश लंगडत, लोकांना ढकलत मागे गेला. मालूचं मनगट धरून तिला ओढत दारापर्यंत आणलं. तिने विरोध केला नाही, एकदाच मागे वळून म्हणाली, "थांबा ना. आता तर कुठं सुरू झालं."

"किती गेले भायेर?" नितेशने गुणाजीला विचारलं. "मोज."

गुणाजीने माणसं बाहेर पडताना एकेक मोजली. "एकसष्ट. बरोबर हाय," तो म्हणाला. मग हॉलमध्ये डोकावून त्याने मागच्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं. "मी हितं तीस वरसं भट्टीवर होतो. तवा पन रोलर बंद केला का मागनं एक ठोका जास्त यायचा. आमी तिकडं बघायचो नाय." एवढं बोलून त्याने दिवे घालवले आणि कुलूप लावलं.

७

नितेशने ड्रम नागोठण्याच्या एका बँजो पार्टीला देऊन टाकले. अनयचे फोन तो घेत नव्हता. नमिताचा एकदाच मेसेज आला की तिनेही सोडलंय, बोटं दुखतात. सगळं शांत झालं.

मालू बरी होती. तिचं डोकं दुखणं थांबलं. ती हसतमुख झाली, शिलाईचं काम भराभर उरकू लागली. फक्त नितेशने बेलकडे हात नेला की दार उघडायचं. तहान लागली असं त्याच्या मनात यायच्या आत तांब्या पुढे यायचा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, बायकोला नवऱ्याच्या सवयी पाठ असतात, असं तो स्वतःला सांगायचा. शेजारणी तर त्याला भाग्यवान म्हणाल्या असत्या.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी पहाटे, तो कपडे करून उभा राहिला आणि ओट्यावर डबा नव्हता.

"डबा?"

मालू चुलत्याच्या घरी आलेल्या पाहुणीसारखी भिंतीला टेकून बसली होती. "आज कशाला?" ती म्हणाली.

 आज कंपनीत काहीतरी होणार, हे हिला दिसतंय, असंच त्याला वाटलं. त्याने सुपरवायझरला फोन करून ताप असल्याचं सांगितलं. बस हॉर्न वाजवून गेली. तो खाटेवर बसून राहिला आणि दर तासाला शिफ्टमधल्या मित्राला फोन करत राहिला. कंपनीत काही झालं नाही. अकराच्या फोनला मित्र वैतागून म्हणाला, "सगला बरोबर हाय रं. झोप ना गुपचूप."

फोन ठेवल्यावर त्याला उमगलं. तो जाणार नव्हता, म्हणून तिने डबा केला नव्हता. आणि तिने डबा केला नव्हता, म्हणून तो गेला नव्हता. यात पहिलं कोणतं, हे शोधायला त्याने बराच वेळ घालवला. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत त्याच्या पायांपर्यंत आली.

"मालू, तुला अजून येतं गो ऐकू? ते. मागनं."

शिवणाचं मशीन थांबलं. मालूने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत पहिल्यांदाच त्याची कीव होती.

"तुमाला नाय येत?"

ती उठली. केस नीट केले, चांगली साडी होतीच अंगावर. "चला," म्हणाली.

कुठे, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा तो उभा होता आणि त्याच्या पायात चपला होत्या. त्याने त्या काढल्या. जोर लावून काढल्या, एक इकडे, एक तिकडे भिरकावली, आणि खाटेवर बसला. "मी येत नाय," तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण तेवढं त्राण नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांत तो एक रात्र नीट झोपला नव्हता.

मालू रागावली नाही.

"बरं," ती म्हणाली. "पाच मिन्टं बसा मंग."

आणि ती दारात उंबऱ्यावर टेकली, एसटीची वाट बघत बसावं तशी. नितेशने घरात नजर फिरवली. मागच्या दाराला कडी होती. खिडक्या लावलेल्या होत्या. गॅसची टाकी बंद केलेली, दूध शेजारी देऊन भांडं पालथं घातलेलं. मालूच्या मांडीवर घराची किल्ली होती, आणि तिच्या पायाशी त्याच्या चपला जोडीने, तोंडं रस्त्याकडे करून ठेवलेल्या होत्या.